शंभराच्या नोटेतलं सेवाग्राम

१९६९ साली रिझर्व्ह बँकेने काढलेली शंभराची नोट कधी हाती लागली, तर आधी ती पालथी करून बघा. पुढून ती तेव्हाच्या इतर नोटांसारखीच आहे, अशोकस्तंभाची. मागच्या बाजूला गांधीजी बसलेले आहेत आणि त्यांच्या पाठीशी दिसतो तो सेवाग्राम आश्रम. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटांवर हे चित्र होतं. म्हणजे त्या काळात कन्याकुमारीचा कोळी आणि काश्मीरचा सफरचंदवाला दोघेही खिशात वर्धा जिल्ह्याचा एक तुकडा घेऊन फिरत होते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

कळंबच्या माणसाला तरी तो असायला हवा. चिंतामणीचं हे गाव वर्धा–यवतमाळ रस्त्यावर आहे. २०२४च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं, आणि आता तर रुळांनीही कळंब वर्ध्याला जोडलं गेलंय. नोटेवरचं ते ठिकाण आपल्याकडून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येण्याइतकं जवळ आहे. राष्ट्रीय नेत्यांच्या स्मृतिवस्तू गोळा करणं हा मुंबई-दिल्लीच्या श्रीमंतांचा, लिलावात हात वर करणाऱ्यांचा उद्योग आहे अशी आपली समजूत असते. पण गांधीजींच्या बाबतीत त्या वस्तूंचा उगमच आपल्या शेजारी आहे, आणि त्यातल्या कित्येक अगदी साध्या कागदाच्या, साध्या धातूच्या आहेत. त्या वाचता आल्या की त्या बोलायला लागतात.

त्याच नोटेचं उदाहरण घ्या. चित्र बघून झालं की गव्हर्नरची सही बघा. बहुतेक नोटांवर लक्ष्मीकांत झा यांची असते. पण काही थोड्या नोटांवर भास्कर नामदेव आडारकर अशी सही सापडते. आडारकर गव्हर्नरच्या खुर्चीत बसले ते १९७०च्या मे-जूनमध्ये जेमतेम दीड महिना. झा गेलेले आणि सरुक्कै जगन्नाथन यायचे होते, त्या मधल्या दिवसांत. त्या दीड महिन्याच्या कारभाराची खूण त्या सहीत उरली आहे, आणि संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. चित्र तेच, कागद तोच, रक्कम तीच. फरक फक्त एका मराठी माणसाच्या सहीचा.

शताब्दीची नाणी त्याहून गमतीची आहेत. वीस पैसे, पन्नास पैसे, रुपया आणि चांदीचे दहा रुपये अशी चार नाणी निघाली. त्यातलं एखादं अजूनही कुणाच्या देवघरातल्या डबीत किंवा आजीच्या बटव्यात निघतं, आणि घरातलं कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘हे १९४८चं आहे.’ कारण नाण्यावर गांधीजींचा चेहरा, नाव आणि खाली ‘१८६९–१९४८’ एवढंच कोरलेलं आहे. हे नाणं १९६९चं, हे नाण्यावर कुठेच लिहिलेलं नाही. जन्म-मृत्यूची सालं आहेत, नाण्याच्या जन्माचं साल नाही! भिंग घेऊन सालाखाली बघितलं की आणखी एक गोष्ट कळते. तिथे बारीकसा चौकट-आकार असेल तर नाणं मुंबई टाकसाळीचं. तिथे काहीच नसेल तर कलकत्त्याचं. दहा रुपयांचं नाणं पंधरा ग्रॅमचं, आणि त्यात ऐंशी टक्के चांदी, म्हणजे बारा ग्रॅम निखळ चांदी. ती नाणी कित्येकांनी सोनाराकडे नेऊन वितळवली. चांदीचा भाव मिळाला, नाणं गेलं.

टपाल तिकिटांकडे वळण्याआधी एका गोष्टीची आठवण करून द्यायला हवी. गांधीजी ज्या गावात येऊन राहिले त्याचं नाव सेगाव. १९३६च्या ३० एप्रिलला ते तिथे आले. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगावही आपल्याच विदर्भात. पत्रांवर पत्ता लिहिताना घोटाळा व्हायचा, टपाल तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे जायचं. अखेर १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. एका देशाच्या राजकारणाची पत्रं चुकीच्या गावी जात होती म्हणून गावाचं नाव बदलावं लागलं, यात मला त्या टपाल खात्याचा केवढा मोठा हात दिसतो!

आणि याचा संग्राहकाला थेट उपयोग होतो. बाजारात गांधीजींच्या पत्रांच्या नकला खूप फिरतात. पत्रावर तारीख १९३८ची आणि वरती ठिकाण ‘सेवाग्राम’ असं असेल, तर तिथेच थबकायला हवं. त्या वर्षी ते गाव सेगाव होतं. अक्षराचंही असंच. गांधीजींचा उजवा हात लिहून लिहून दुखायला लागला की ते डाव्या हाताने लिहीत, आणि डाव्या हाताचं अक्षर उलट जास्त सुवाच्य येई. म्हणजे दोन पत्रांतलं अक्षर जुळत नाही म्हणून एखादं पत्र खोटं ठरवायची घाई करू नये. ते पाठकोऱ्या कागदावर, आलेल्या लिफाफ्याच्या आतल्या बाजूवर लिहीत, त्यामुळे कागद फाटका-तुटका असणं हा दोष नाही. उलट कोऱ्या करकरीत गुळगुळीत कागदावरचं, सुंदर मांडणीचं पत्र मला जास्त संशयास्पद वाटतं.

ती पत्रं जाताना त्यांच्यावर तिकीट कुणाचं असे? इंग्लंडच्या राजाचं. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९४८ला, त्याच टपालावर गांधीजींचा चेहरा आला. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं. भारताच्या तिकिटावर आलेला पहिला भारतीय माणूस तेच. चारही तिकिटांवर नागरी आणि उर्दू लिपीत ‘बापू’ असं छापलेलं आहे. छपाई मात्र स्वित्झर्लंडमधल्या कुर्वाझिए कंपनीत झाली. हे वाचून खादीप्रेमी माणसाला खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण कारणही समजून घ्यायला हवं. ही तिकिटं ज्या पद्धतीने छापली आहेत तिला फोटोग्राव्ह्यूर म्हणतात. तांब्याच्या सिलिंडरवर चित्र खूप बारीक खाचांच्या जाळीत कोरलं जातं. जिथे खाच खोल, तिथे शाई जास्त, तिथे सावली गडद. म्हणून भिंगाखाली त्या तिकिटात रेषा दिसत नाहीत, जाळी दिसते, आणि भिंग बाजूला केलं की तीच जाळी चेहऱ्यावरची मऊ छाया होते. आपल्या नाशिकच्या छापखान्यात तेव्हा हे तंत्र नव्हतं. तिथे ते आलं १९५२ साली, आणि त्या पद्धतीची नाशिकची पहिली मालिका होती संत आणि कवींची. चारच वर्षांत!

या १९४८च्या मालिकेत एक प्रकार असा आहे की त्याचं नाव काढलं की जगभरच्या तिकीटवेड्यांचे डोळे चमकतात. दहा रुपयांच्या तिकिटाच्या फक्त शंभर प्रतींवर ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापण्यात आला होता, गव्हर्नर-जनरलच्या कचेरीच्या वापरासाठी. चक्रवर्ती राजगोपालाचारी तेव्हा गव्हर्नर-जनरल होते. त्या शंभरांतली काही तिकिटं मान्यवरांना भेट गेली, काही टपाल खात्याच्या संग्रहात राहिली, बाकीच्यांचा माग फारसा लागत नाही. २०१७ साली लंडनच्या स्टॅनली गिबन्सने त्यातल्या चार तिकिटांची एक जोडपट्टी पाच लाख पौंडांना विकली. अशी दुसरी चार तिकिटांची पट्टी ब्रिटनच्या राजघराण्याच्या तिकीटसंग्रहात आहे. कागदाचा तोच तुकडा ‘सर्व्हिस’ शब्दावाचून असता तर किंमत त्याच्या पासंगालाही पुरली नसती. परदेशांत पहिल्यांदा गांधीजींचं तिकीट निघालं ते १९६१ साली अमेरिकेत. आणि ब्रिटनने १९६९ साली काढलं, तेव्हा त्या देशाने परदेशी नेत्याला आपल्या तिकिटावर जागा देण्याची ती पहिली वेळ होती. त्याचं चित्र केलं बिमन मलिक या बंगाली चित्रकाराने. ज्या साम्राज्याविरुद्ध त्यांनी लढा दिला त्याच्याच राणीच्या मुद्रेशेजारी गांधीजी!

लिलावांचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच संताप उसळतो. २००९च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ, वाटी आणि ताटली लिलावात निघाली आणि विजय मल्ल्यांनी ती अठरा लाख डॉलरला घेतली. बापूंच्या वस्तू विकायला काढल्या, हे मनाला लागतं हे खरं. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही आणि ती आपल्याच जिल्ह्याच्या वेशीवर घडलेली आहे. १९३३च्या ७ नोव्हेंबरला गांधीजींनी वर्ध्याहून हरिजन यात्रा सुरू केली. सुमारे साडेबारा हजार मैल फिरून त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी आठ लाखांच्या आसपास रुपये जमवले. गावोगाव त्यांना मानपत्रं मिळत, चांदीच्या नळकांड्यांत आणि करंड्यांत घालून. सभा संपायच्या आत गांधीजी स्वतः त्या करंड्याचा लिलाव पुकारत! बोली चढवत, लोकांना डिवचत, जास्तीत जास्त रक्कम काढून ती फंडात टाकत. सहीसुद्धा फुकट मिळत नसे. त्यासाठी पाच रुपये द्यावे लागत, आणि तेही फंडातच जात.

म्हणजे गांधीस्मृतींच्या लिलावातले पहिले लिलावकर्ते खुद्द गांधीजी होते. हे कळल्यावर माझं मत जरा बदललं. मला आता लिलावाचा राग येत नाही. पैसा कुठे जातो एवढंच मी विचारतो. आणि दुसरी गोष्ट मनात येते: ते करंडे घेतले कुणी? यात्रेचा पहिला टप्पा विदर्भातून गेला. बोली लावणारे इथलेच सावकार, वकील, कापसाचे अडते असणार. पाच रुपयांच्या सह्या घेणारी तरुण मुलंही इथलीच. नव्वद वर्षं झाली. त्यांतलं काही ना काही कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या लोखंडी कपाटात नक्की असणार.

ही आशा वाऱ्यावरची नाही, हे दाखवणारी एक घटना २०१३ची. इंग्लंडमधल्या मलॉक्स या लिलावगृहात गांधीजींनी येरवडा तुरुंगात वापरलेला एक पेटीचरखा एक लाख दहा हजार पौंडांना गेला. गांधीजींनी तो १९३५ साली रेव्हरंड फ्लॉईड पफर या अमेरिकन मिशनरीला दिला होता. पफर बांबूच्या नांगरासारखी शेतकऱ्यांच्या उपयोगाची औजारं बनवणारा माणूस, म्हणूनच दोघांचं जमलं असावं. पफर ज्या फ्री मेथडिस्ट मिशनचे, त्या मिशनच्या हिंदुस्थानातल्या कामाचं मोठं ठाणं होतं यवतमाळ. तिथलंच त्यांचं बायबल विद्यालय पुढे १९८३ साली पुण्याला हललं. चरखा जगभर फिरून लिलावात पोचला, पण त्याच्या वाटेवरचं एक नाव कळंबपासून तासाभराच्याही आत आहे.

आणि त्या चरख्याला एवढी किंमत आली कशामुळे? लाकूड साधं, चाकं साधी. तसे पेटीचरखे त्या काळात हजारांनी बनले. किंमत आली ती ‘हा कुणाकडून कुणाकडे आला’ या साखळीमुळे. कुणी दिला, कुणाला, कधी, नंतर कुठे राहिला, याचा सलग माग लागत होता. ब्रिस्टलजवळ २०२० साली एका लिलावगृहाच्या टपालपेटीत कुणीतरी पाकिटात घालून एक जुना चष्मा टाकून गेलं होतं. पाकीट अर्धवट बाहेर लोंबत होतं. तो चष्मा दोन लाख साठ हजार पौंडांना गेला, कारण दक्षिण आफ्रिकेत नोकरी केलेल्या काकांना तो गांधीजींनी दिल्याची घरातली हकिगत त्याच्याबरोबर आली होती आणि तिचे काळ-वेळ जुळत होते. धागा तुटलेला चष्मा नुसता चष्मा असतो. उलट बाजूने पाहिलं तर सेवाग्रामच्या आश्रमातला गांधीजींचा चष्माच चोरीला गेल्याचं २०११ साली उघड झालं. तो आज कुणाच्या हातात असलाच, तरी चोरीच्या वस्तूला आपली खरी हकिगत सांगता येत नाही. चोराने वस्तू नेली, तिचा अर्थ मात्र बापूकुटीतच राहून गेला.

आपल्या भागात घरांतून सापडू शकतील अशा गोष्टी चष्म्या-चरख्यांहून साध्या आहेत, आणि मला त्यांचंच जास्त अप्रूप आहे. टिळक स्वराज्य फंडाची पावती हा असाच कागद. १९२१ साली एक कोटी रुपये जमवायचं ठरलं आणि जूनअखेर ते जमले. पावत्यांवर नेत्यांचे छाप असत आणि त्या नोटेसारख्या दिसत, म्हणून लोकांनी त्या जपल्या. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे टिळकांचे निष्ठावंत. त्यांनी तर टिळकांचं स्मारक कागदावरच बांधलं, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे प्रचंड संस्कृत काव्य लिहून. त्याला १९७३ साली, बापूजींच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरी गोष्ट, खादी हुंडी: खादी भांडारात कापड घेण्यासाठी वापरायचा, नोटेसारखा रंगीत कागद, बहुतेकांवर गांधीजी. तिसरी, जुनं रंगीत चित्र, काचेच्या फ्रेमीत लावलेलं. कानपूरच्या श्यामसुंदर लाल पेढीसारखे चित्रविक्रेते १९३०च्या आसपास राष्ट्रनेत्यांची चित्रं हजारांनी छापत. सरकारने त्यातली कित्येक जप्त केली. जप्त केलेल्या मालाची एकेक प्रत लंडनला पाठवली जाई. आज ती ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहे. जे नष्ट करायला निघाले त्यांच्याच कपाटात ते टिकलं, आणि जे आपण भिंतीवर प्रेमाने लावलं ते ओलीने, वाळवीने गेलं.

म्हणून जपण्याचं थोडं. सेलोटेप कधी लावू नये; तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर करूच नये, कागद त्यात कायमचा अडकतो. तिकीट लिफाफ्यावर असेल तर लिफाफ्यासकट ठेवा, कापून काढू नका. शिक्का, तारीख, गाव हे सगळं तिकिटाइतकंच मोलाचं आहे. चित्राच्या फ्रेमीमागची फळी काढली की कधी कधी आत जुनं वर्तमानपत्र किंवा दुसरं चित्र निघतं, तेही टाकू नका. आणि वस्तू कुणी आणली, कुठून आणली, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून तिच्याबरोबर ठेवा. पेन्सिलीने यासाठी की शाई ओलीने पसरते.

चित्रांच्या बाबतीत एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही: नंदलाल बोस. १९३०च्या दांडीयात्रेनंतर त्यांनी लिनोलियमवर कोरून गांधीजींचं काळं-पांढरं चित्र केलं. काठी टेकत पुढे झुकून चाललेली आकृती, बाकी सगळं काळं. एवढ्याशा रेषांमध्ये चालण्याचा वेग पकडलाय, हे बघून आजही थक्क व्हायला होतं. हेच नंदलाल १९३६च्या डिसेंबरात आपल्या खानदेशात, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट करायला आले होते, बांबू आणि साध्या गावठी सामानातून. नंदलालांची चित्रं कायद्याने राष्ट्रीय कलासंपत्ती ठरली आहेत. ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

हा कायदा १९७२चा, पुरावस्तू आणि कलासंपत्तीचा. त्यातली एक तरतूद आपल्या घरातल्या ट्रंकेलाही लागू होते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते हे अनेकांना ठाऊक असतं. पण हस्तलिखित, दस्तऐवज किंवा ऐतिहासिक मोलाच्या कागदासाठी पंचाहत्तर वर्षं पुरेशी आहेत. गांधीजी सेवाग्रामहून शेवटचे निघाले २५ ऑगस्ट १९४६ला, आणि परत आलेच नाहीत. तिथून त्यांनी लिहिलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक पोस्टकार्ड २०२१ सालापर्यंत ही मुदत ओलांडून गेलं आहे. कळंब-यवतमाळच्या कुठल्या घरात असं एखादं कार्ड असेल, तर ते आता पुरावस्तू आहे, आणि ते देशाबाहेर विकायला न्यायची परवानगी त्या घराला नाही.